निळा धूर कधी येतो?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळी साडेआठला अजून निम्मी शटरं बंद असतात. फाउंड्री आणि लेथच्या या वसाहतीतल्या एका छोट्या गॅरेजपुढं पांढरी मारुती ८०० उभी आहे. १९९८चं मॉडेल, कार्ब्युरेटरचं इंजिन, एमएच ०९ची पाटी. मालक निवृत्त शिक्षक. मिस्त्रींनी त्यांना गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावायला सांगितली होती आणि आपण येईपर्यंत चावी कुणी फिरवायची नाही, अशी ताकीद गॅरेजमधल्या पोराला दिली होती.

धुराची पहिली साक्ष थंड इंजिन देतं. एकदा गाडी चालू करून गरम झाली की ती साक्ष दुसऱ्या सकाळपर्यंत मिळत नाही.

पोरगा आत बसतो. मिस्त्री सायलेन्सरमागं पांढरा कागद धरून उकिडवे बसतात. चावी फिरते आणि निळसर धुराचा लोट बाहेर पडतो. जळक्या तेलाचा उग्र वास नाकात शिरतो. अर्ध्या मिनिटात धूर विरळ होतो, मग दिसेनासा. कागदावर कोरडी काजळी नाही; तेलकट, तपकिरी ठिपके आहेत.

"रोज असंच?"

"रोज. आणि घाट उतरल्यावर," गुरुजी सांगतात. त्यांची मुलगी वैभववाडीला असते. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून सपाटीला लागलं आणि एक्सलेटर दाबला, की मागं निळा ढग उठतो.

"आणि चढताना?"

"काही नाही. हिला मुद्दाम मागं बघायला बसवलं होतं."

"चढताना न्हाई? नक्की?" मिस्त्री पुन्हा विचारतात. गुरुजी पिशवीतून वही काढतात. तारीख, किलोमीटर, किती ऑइल घातलं, धूर कुठं दिसला, सगळं ओळीनं लिहिलेलं. हजार किलोमीटरला जवळजवळ अर्धा लिटर ऑइल संपतंय. दुसऱ्या एका गॅरेजनं धूर पाहताक्षणी 'फुल इंजिनचं काम' सांगितलं होतं: बोरिंग, नवे पिस्टन, नव्या रिंगा. वही तिथंही पिशवीतच होती. कुणी मागितली नाही.

धुराचा रंग काय जळतंय ते सांगतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एअर फिल्टर तुंबला, चोक अडकला किंवा कार्ब्युरेटरचा फ्लोट बिघडला की हे प्रमाण ढळतं. पांढऱ्याचे दोन प्रकार. थंडीत सकाळी येणारी विरळ वाफ निरोगी इंजिनचीही असते, कारण पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वास आणि रेडिएटरमधलं कूलंट कमी होत जाणं, ही हेड गॅस्केट गेल्याची चिन्हं. निळा धूर ऑइलचा. ते सिलिंडरमध्ये शिरलं कुठून, हे मात्र रंगावरून कळत नाही. त्यासाठी धूर कधी येतो ते पाहावं लागतं.

वाटा मुख्यतः दोन. खालून पिस्टनच्या रिंगांवाटे, किंवा वरून व्हॉल्व्हच्या दांड्यावाटे. रिंगा झिजल्या असतील तर इंजिनवर जोर पडतो तेव्हा, म्हणजे चढावर आणि भरल्या गाडीत, धूर वाढतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावर मात्र रबराचं छोटं सील असतं. ते वयानं कडक झालं, की रात्रभर हेडमधलं ऑइल थेंब थेंब खाली झिरपतं आणि सकाळी पहिल्या धडाक्याला जळतं. घाट गिअरमध्ये उतरताना एक्सलेटर सुटलेला असतो. त्या वेळी इंजिन हवा ओढू पाहतं, पण हवेची वाट जवळजवळ बंद असते. त्या ओढीनं ऑइल सीलमधून आत येऊन साठतं आणि सपाटीला एक्सलेटर दाबताच पेटतं.

"रिंगा गेल्या असत्या तर चढावर बोंब झाली असती, गुरुजी." तरीही मिस्त्री लगेच पान्याला हात घालत नाहीत. आधी फुकटच्या तपासण्या. इंजिन थंड असतानाच त्यांनी रेडिएटर आणि ऑइलची पट्टी पाहून घेतली होती: कूलंट काठोकाठ, ऑइलमध्ये दुधाळपणा नाही. आता चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढून ते तोंडावर तळहात धरतात. रिंगांमधून वायू खाली निसटत असतील तर इथून धुराचे फुत्कार येतात. गॅरेजच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन'. तसं काही नाही. एअर फिल्टरचा डबाही कोरडा आहे.

मग कॉम्प्रेशन गेज. गरम इंजिनचे तिन्ही प्लग काढले जातात, कॉइलची वायर सुटी केली जाते, पोरगा एक्सलेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतो. काटा पहिल्या सिलिंडरला १६० पौंडांवर थांबतो, दुसऱ्याला १५५, तिसऱ्याला १५८. मधल्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजणी होते. रिंगा सैल असत्या तर ऑइलनं फट बुजून आकडा बराच चढला असता. काटा १६२ला थांबतो. गेजचा काटा आणि गुरुजींची वही एकच सांगत होती.

दुपारी हेड उतरतं. सहा व्हॉल्व्ह एकेक करून निघतात. मिस्त्री एक जुनं सील बोटात धरून वाकवतात. रबर वाकत नाही, चिरतं. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या बारीक तिरक्या रेषा अजून शाबूत आहेत, म्हणजे बोरिंगची गरजच नव्हती. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून ढिलाई पाहिली जाते, कारण गाइड सैल असेल तर नवं सीलही टिकत नाही. ढिलाई जुजबी आहे. व्हॉल्व्ह घासून बसवले जातात, नवी सीलं, नवं गॅस्केट, आणि हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं टॉर्क पान्यानं आवळले जातात.

अशी गाडी पीयूसीच्या तपासणीत सुटू शकते, हेही इथं सांगायला हवं. पेट्रोल गाडीची ती तपासणी आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचं प्रमाण मोजते. सकाळचे ते तीस सेकंद आणि घाटाखालचा तो ढग यंत्रासमोर येतोच असं नाही. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीत मात्र तो जातो. म्हणून प्रमाणपत्र हाती असलं तरी धूर अंगावर काढू नये.

गुरुजींच्या वहीत पुढची नोंद महिन्याभरानंतरची आहे: करूळ घाट, जाऊन-येऊन, धूर नाही. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकानं अशी वही ठेवावी. आणि इंजिन खोलायला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन आपल्यासमोर मोजायला लावून ते आकडे तिच्यात लिहून घ्यावेत.