पावडर कोटिंग : चकाकीवर जाऊ नका, खालची धुलाई विचारा



उसाची लागण, खतमात्रा, पाण्याच्या पाळ्या यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. हल्ली मोटारीच्या स्टार्टरची पेटी घ्या, ठिबकचा फिल्टर घ्या की घरातले कपाट घ्या, दुकानदार पहिले हेच सांगतो, "पावडर कोटिंगचा माल आहे, गंज धरायचा नाही." त्यासाठी चार पैसे जादाही लावतो. हे पैसे पाण्यात जाऊ नयेत म्हणून पावडर कोटिंग म्हणजे काय, ते कोठे टिकते आणि कोठे टिकत नाही, हे सभासदांनी समजून घेणे जरूर आहे.

गंज का चढतो?

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज चढतो. त्यात मीठ मिसळले की हेच काम झपाट्याने होते. म्हणून गिरगाव, दादरसारख्या समुद्रकाठच्या वस्तीत खिडकीचे गज आणि जिन्याचे कठडे वरचेवर रंगवावे लागतात. खारा वारा रंगाच्या बारीकशा चिरेतूनही आत शिरतो आणि वरून धड दिसणारा रंग आतून फुगतो.

आपल्याकडे समुद्र नाही, मग आपल्याला काय त्याचे, असे मात्र म्हणू नये. मिठात जो क्लोराइड असतो तोच म्युरिएट ऑफ पोटॅशच्या पोत्यातही असतो. खताच्या पोत्याला टेकून ठेवलेली अवजारे किंवा खत सोडून तसाच ठेवलेला ठिबकचा फिल्टर यांना आपल्या शेतातच मुंबईची हवा लागते म्हणा ना.

लालबाग-परळचा धंदा

लालबाग-परळ म्हटले की आपल्याला गिरण्या आठवतात. घाटावरच्या कितीतरी घरांतली माणसे तेथे राबली. पण लोखंडी सामान आणि रंग हे दोन्ही धंदेही याच मुंबईत वाढले. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपे बनविण्यास सुरुवात केली. पुढे तिजोऱ्या आल्या आणि १९२३ पासून पोलादी कपाटे निघू लागली. जवळच लोअर परळला १९२० साली गहागन पेंट्स ही रंगाची कंपनी निघाली. तीच पुढे गुडलास नेरोलॅक आणि नंतर कन्साई नेरोलॅक झाली. गिरगावात १९४२ साली चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये जो रंगाचा धंदा मांडला, तो म्हणजे एशियन पेंट्स.

त्या काळी सगळे लोखंडी सामान ओल्या रंगानेच रंगवीत. ओल्या रंगात थिनर असतो. रंग वाळताना तो उडून जातो, थर पातळ राहतो, ओघळ येतात, आणि दोन-तीन हात द्यावे लागतात. १९५० नंतर जर्मनीत एर्विन गेमर यांनी कोरड्या पावडरीचा थर देण्याची रीत काढली. तापविलेली वस्तू हवेने उसळत ठेवलेल्या पावडरीत बुडवायची, अशी ती पहिली रीत होती. विजेच्या बंदुकीने पावडर उडविण्याची रीत त्यानंतर आली. आज बहुतेक ठिकाणी हीच चालते.

पावडर बसते कशी?

पावडरीत राळ, ती घट्ट करणारे द्रव्य आणि रंग हे सर्व मैद्यासारखे बारीक दळलेले असते. बंदुकीतून बाहेर पडताना या कणांना विजेचा भार मिळतो. वस्तू आकड्याला टांगून अर्थिंग केलेली असते, त्यामुळे कण तिच्याकडे ओढले जातात आणि मागच्या बाजूलाही जाऊन चिकटतात. खाली पडलेली पावडर गोळा करून, चाळून पुन्हा वापरता येते. मग ती वस्तू भट्टीत जाते. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा ते वीस मिनिटांत पावडर वितळते, पसरते आणि आळते. गुळाची ढेप तापविली की पुन्हा पातळ होते, पण वीट एकदा भाजली की तिची पुन्हा माती होत नाही. पावडरीचे काम विटेसारखे आहे. असा तयार झालेला थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाएवढा जाड असतो.

खरे काम सात टाक्यांत

आता मुद्द्याची गोष्ट. बेणे कितीही जातिवंत आणले तरी बेणेप्रक्रिया चुकविली तर काय होते हे आम्ही सभासदांना नव्याने सांगायला नको. येथेही तसेच आहे. पावडर मारण्याआधी पत्रा तेलकटपणापासून आणि गंजापासून पूर्ण मोकळा व्हावा लागतो. त्यासाठी सात टाक्या असतात : तेल काढणे, पाण्याने धुणे, गंज काढणे, पुन्हा धुणे, फॉस्फेटचा थर देणे, पुन्हा धुणे आणि शेवटी तो थर पक्का करणे. फॉस्फेटमुळे पावडर पत्र्याला धरून राहते आणि ओरखडा पडला तरी गंज आतल्या आत सरकायला वेळ लागतो.

काही ठिकाणी हे सगळे टाळून नुसते फडक्याने पुसतात आणि पावडर मारतात. नव्याची चकाकी दोन्हींची सारखीच असते. फरक कळतो तो एक-दोन पावसाळ्यांनी, फोड येऊन पापुद्रे निघू लागले म्हणजे. तोवर दुकानदाराचे पैसे वसूल झालेले असतात.

कोठे घ्यावे, कोठे घेऊ नये?

स्टार्टरची पेटी उघड्यावर, उन्हात राहते. तिला पॉलिस्टर पावडर हवी. नुसती इपॉक्सी पावडर रसायनांना दाद देत नाही, पण उन्हात तिची खडूसारखी भुकटी सुटते. वायरीसाठी पेटीला नंतर भोक पाडले तर त्याच्या कडेला लगेच प्रायमर आणि रंग लावावा.

ठिबकच्या वाळूच्या फिल्टरमधून खत सोडल्यावर काही वेळ नुसते पाणी सोडावे. वाळू बदलताना फावड्याने आतला थर खरवडू नये.

फाटक किंवा खिडकीची जाळी करताना कापणे, जोडणे, वेल्डिंग सगळे आधी उरकावे. कोटिंगनंतर वेल्डिंग केले की त्या जागचा थर जळतो. सतत ओलीत राहणाऱ्या वस्तूला आधी जस्ताचा थर आणि त्यावर पावडर देणे चांगले. ओरखडा पडला तरी जस्त आपण झिजते आणि लोखंड राखते.

नांगराचा फाळ, रोटाव्हेटरची पाती यांना पावडरीचा उपयोग नाही. पहिल्या दोन सऱ्यांतच माती ती घासून काढते. काम संपल्यावर माती धुवावी, अवजार वाळवावे आणि तेलाचा हात फिरवावा. ट्रॉली भट्टीत मावण्याजोगी नसते. तिला गंज घासून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट हाच मार्ग बरा.

माल घेताना पाहावे

पेटी उघडून आतले कोपरे पाहावेत. खोल कोपऱ्यात पावडर नीट पोचत नाही आणि गंज तेथूनच सुरू होतो. बिजागरीची मागची बाजू, वेल्डिंगचे सांधे आणि पत्र्याच्या धारदार कडाही पाहाव्यात. कोटिंग करून घ्यायचे असेल तर कारागिराकडून त्याच कामातला नमुन्याचा पत्रा मागावा. त्यावर ब्लेडने आडव्या-उभ्या रेघा ओढून चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. चौकटीतले तुकडे पट्टीबरोबर आले तर धुलाई किंवा भाजणी कच्ची आहे असे समजावे. थिनरच्या फडक्याने घासल्यावर रंग भराभर सुटला तर भाजणीच कमी पडली.

शेवटी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावेत. पावडर कोणती? आणि पत्रा किती टाक्यांतून काढला? पहिल्याचे उत्तर बहुतेक जण देतात. दुसऱ्याला जो अडखळतो, त्याला जादा पैसे देण्याचे कारण नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते