केळीच्या डागावर घरच्या छापाचा उतारा

केळीच्या बागेत काम करणाऱ्याच्या कपड्यावर चिकाचा डाग ठरलेलाच. चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. वाळला की तपकिरी-काळा पडतो. मग सोडा घाला की साबण चोळा, डाग हटत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात यावल तालुक्यात एका घरी गेलो होतो. त्या घरच्या आठवीतल्या मुलाने नवा पांढरा टी-शर्ट घालून वडिलांना घड उचलू लागले होते. छातीवर तीन डाग पडले. आईने तो शर्ट पायपुसण्यासाठी बाजूला टाकला होता. मुलगा मला म्हणाला, "साहेब, यावर काही औषध आहे का?"

औषध नव्हते, पण उतारा होता. डागावर रंगाचे चित्र उमटवायचे. मात्र ते सुचवताना मी जरा कचरलो. त्याचे कारण सांगतो.

आदल्या वर्षी याच गावातील शेतकरी गटासाठी मी दहा टी-शर्टांवर गटाचे नाव छापून दिले होते. प्रदर्शनाची घाई होती. रंग पुरावा म्हणून त्यात पाणी घातले, इस्त्री केली नाही आणि "रंग पक्का आहे" असे सांगून मोकळा झालो. पहिल्याच धुण्याला निम्मे नाव निघाले. पुढे ज्वारीच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवीत होतो, तेव्हा याच घरच्या आजी म्हणाल्या, "साहेब, हे तरी टिकंल का?" लोक हसले. माझ्यासारख्या माणसाजवळ शब्दाशिवाय दुसरे भांडवल नसते. म्हणून या वेळी सारे रीतसर केले. तीच रीत येथे देत आहे.

छाप तयार करणे

रांगोळीचा छाप आपल्या घरोघरी आहे. कापडाचा छाप त्याचाच भाऊ. तो एक-दोनदाच वापरायचा असेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घेऊन त्यावर मेणबत्ती घासावी. कागद लवकर भिजत नाही. पुष्कळ वेळा वापरायचा असेल तर फाईलचे पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण उत्तम. चित्र खाली ठेवून वरून गिरवता येते.

छाप जुन्या फळीवर ठेवून धारदार कटरने कापावा. आधी आतील बारीक भाग कापावेत, मग मोठे. वळणावर पाते न फिरवता छाप फिरवावा. पाते मुलांच्या हाती देऊ नये.

अक्षरे कापताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. "व", "ब", "क" या अक्षरांचे पोट बंद असते. सरळ कापले तर पोटाचा तुकडा गळून पडतो आणि अक्षराचा नुसता ठिपका उमटतो. त्यासाठी पोट आणि बाहेरचा कागद यांच्यामध्ये गव्हाच्या दोन दाण्यांएवढी रुंद पट्टी न कापता ठेवावी. बांधावरून पायवाट सोडतो तशी.

रंग लावणे

कापड सुती असावे. नवा शर्ट आधी धुऊन त्याची खळ काढावी. नीळ किंवा स्टार्च घालू नये. वाळल्यावर इस्त्री करावी. रंग कापडावर लावण्याचाच घ्यावा. दाराखिडक्यांचा ऑइल पेंट चालत नाही. त्याचे तेल कापडात पसरते आणि रंग कडक होऊन तडकतो. डाग झाकायचा असेल तर गडद रंग निवडावा, फिक्या रंगातून डाग डोकावतो.

शर्टाच्या आत पुठ्ठा सरकवावा, म्हणजे रंग पाठीवर उतरत नाही. छाप चिकटपट्टीने घट्ट बसवावा. स्पंजच्या तुकड्याला थोडासा रंग लावून तो आधी वर्तमानपत्रावर टिपावा, मग छापावर उभा ठोकीत जावे. घासू नये, घासल्याने रंग कडेखाली शिरतो. पाणी तर अजिबात घालू नये. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत. छाप सरळ वर उचलावा.

रंग पक्का करणे

माझी चूक येथेच झाली होती. शर्ट एक दिवस सावलीत वाळवावा. नंतर उलटा करून, रंगाच्या मागल्या बाजूने, कोरड्या गरम इस्त्रीने तीन ते पाच मिनिटे शेकावा. इस्त्री एका जागी थांबवू नये. रंगाच्या बाटलीवर काही वेगळी सूचना असेल तर ती पाळावी. पुढे तीन दिवस पाणी लावू नये. नंतरही शर्ट उलटा करून थंड पाण्यात हाताने धुवावा. दगडावर आपटू नये, ब्रश मारू नये.

त्या मुलाच्या आईने तीन चिमण्या सुचवल्या होत्या. मुलाला ट्रॅक्टर हवा होता. दोन डाग गडद निळ्या ट्रॅक्टरखाली गेले. तिसरा खांद्याजवळ, उंचावर होता. तिथे मुलाने धुराचा काळा लोट काढला!

दोन महिन्यांनी पुन्हा त्या घरी गेलो. शर्ट दोरीवर वाळत होता. आजींनी तो जवळ ओढला, ट्रॅक्टरवरून नख फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "हे टिकलं." मग थोड्या वेळाने विचारले, "अन् ते बियाण्याला औषध चोळायचं, ते पुन्हा कधी दाखवता?"