पीक राखणीसाठी आखूड रायफल

रानडुकरांच्या उपद्रवाने त्रासलेले काही शेतकरी ०.२२ इंची आखूड बोल्ट-रायफल पसंत करतात. ती हलकी असते, मचाणावर नेण्यास सोयीची. पण रानडुकरासाठी निरुपयोगीच. तिच्या बारीक गोळीने जनावर बहुधा मरत नाही, जखमी होऊन उलटते. शिवाय चुकलेली गोळी दीड किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते. वस्तीलगतच्या शिवारात हा धोका मोठा.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. रायफलीचा तेथे उल्लेख नाही. बंदुकीचा परवाना असला तरी रानडुक्कर मारण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये लेखी परवानगी निराळी घ्यावी लागते.