नाव कमावलेला मासा

ड्वॉर्फ फोर्ट्रेस हा खेळ तुम्ही खेळला नसाल, तर एवढंच लक्षात ठेवा: डोंगरात किल्ला खोदणारे बुटके, आणि तुम्ही येण्याआधीच संगणकाने रचून ठेवलेला त्यांच्या जगाचा शेकडो वर्षांचा इतिहास. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी तो २००६ मध्ये लोकांपुढे आणला आणि अजूनही त्यात भर घालणं चालूच आहे.

बुटक्यांना जन्मतःच नाव असतं. प्राण्यांचं तसं नाही. जंगलातले लांडगे, नदीतले मासे म्हणजे खेळाच्या लेखी नुसता आकडा: या भागात इतके लांडगे. एखादा तुमच्या नकाशात शिरला की त्याला शरीर मिळतं, दात मिळतात. तो परत गेला की पुन्हा आकड्यात जमा.

मांजरं नशीबवान. ती स्वतःच एखादा मालक निवडतात, आणि मग त्यांना नाव मिळतं. (इथे खेळ वास्तवाच्या फारच जवळ गेलाय.)

बाकीच्यांना नाव कमवावं लागतं, आणि ते कमावण्याची रीत जरा भयंकर आहे. पूर्वीच्या आवृत्त्यांमधले कार्प मासे त्यासाठी बदनाम होते. समजा, बुटका नदीवर गेला आणि कार्पने त्याला मारलं. मेलेल्याला नाव होतं, म्हणजे ही इतिहासातली घटना झाली. आता मारणारा कोण, हे लिहायला हवं. मग त्या माशाला नाव मिळतं, त्याच्या खात्यावर बळी लिहिला जातो आणि तो कायमचा नोंदवहीत जातो. पुढे एखादा कारागीर किल्ल्याच्या भिंतीवर तो प्रसंग कोरूनही ठेवतो! फार माणसं मारलेल्या कुऱ्हाडीलाही तिचा धनी असंच नाव देतो.

पण त्याच लांडग्याने हरीण मारलं तर? काहीच नाही. बेनामाने बेनामाला मारलं तर इतिहास घडत नाही. म्हणजे नाव पराक्रमाने मिळत नाही, बळीच्या नावामुळे मिळतं.

याला क्रूरपणा म्हणू नका, हा हिशोब आहे. प्रत्येक सशाचं चरित्र जपायचं म्हटलं तर कुठलाही संगणक गुडघे टेकेल. कुणाला विसरायचं हे ठरवल्याशिवाय जग चालवताच येत नाही.

हे मला खेळताना नाही, दिवसा कामावर असताना टोचलं. मी साथीच्या रोगांची मॉडेलं बनवते. त्यातली ‘माणसं’ म्हणजे क्रमांक. मेली की ओळ पुसायची, एकूण आकड्यात एक मिळवायचा. प्रोग्राम वेगाने पळतो, आलेख सुंदर येतो. पण परवा कुणीतरी विचारलं, ‘एकाच घरातली किती गेली?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मीच पुसलं होतं.

आता मेलेल्यांच्या ओळी ठेवतेय. फाइल फुगलीये, रात्रभर चालते. तोवर मी किल्ला खोदते.