वाढत्या शहराची कचेरी : जागा किती आणि कोणासाठी?

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. वाढत्या शहराच्या महापालिकेला कामकाजासाठी जागा किती लागेल आणि ती आधीपासून कशी ठरवायची, एवढाच प्रश्न. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या आमच्यासारख्यांनी इमारतींच्या भानगडीत का पडावं, असं तुमच्या मनात येणं साहजिक आहे. पण या प्रश्नाच्या पोटात दोन फार जुने प्रश्न आहेत. जे अजून घडलेलं नाही त्याचं ज्ञान आपल्याला कितपत होऊ शकतं, हा पहिला. आणि जे लोक अजून इथं राहायला आलेले नाहीत, काही तर जन्मलेलेही नाहीत, त्यांच्यासाठी आजच्या माणसाच्या खिशातून किती काढावं, हा दुसरा.

शिरगावात हा विषय मांडायलाही कारण आहे. आपल्याकडे आज ग्रामपंचायत आहे. पण २०१५ पासून आपण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहोत, २०१८ पासून पोलिसांच्या बाबतीत पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहोत. गहुंज्यात क्रिकेटचं मैदान उभं राहिलं, द्रुतगती मार्ग जवळून जातो, सोमाटणे फाट्यावर इमारती चढताहेत. शहर वेशीपर्यंत आलेलं आहे. ते आत येईल तेव्हा त्याची कचेरी कुठं बसेल, हे आधी बोलून ठेवलेलं बरं.

प्रथम आकड्यांकडे वळू. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे सव्वापाच लाख होती. २००१ मध्ये ती दहा लाखांवर गेली. आता समजा, आपण २००१ साली तिथले नियोजनकार आहोत आणि २०११ चा अंदाज करायचा आहे. एक जण म्हणेल, दहा वर्षांत पाच लाख वाढले, पुढच्या दहांत आणखी पाच वाढतील, म्हणजे पंधरा लाख. दुसरा म्हणेल, दहा वर्षांत दुप्पट झाली, पुन्हा दुप्पट होईल, म्हणजे वीस लाख. दोघांचंही गणित बरोबर, आणि उत्तरांत पाच लाखांचा फरक! प्रत्यक्षात २०११ ची लोकसंख्या भरली सुमारे सव्वासतरा लाख. दोघांच्या मधोमध.

आपल्याकडच्या नैयायिकांनी अनुमानाला व्याप्ती लागते असं सांगून ठेवलं आहे. जिथं जिथं धूर, तिथं तिथं अग्नी, असा नित्य संबंध असला तरच धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं. पण ‘जिथं जिथं मागच्या दशकात वाढ झाली, तिथं तिथं पुढच्या दशकातही तेवढीच होते’ अशी व्याप्ती कुठं आहे? नाही. म्हणून लोकसंख्येचा अंदाज हे अनुमान नव्हे, तो अंदाजच. त्यातून २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणजे ज्या पायावर उभं राहून पुढं पाहायचं, तो पायाही २०११ चा.

शिवाय शहर नुसतं माणसांनी वाढत नाही, कागदानंही वाढतं. शासनाची एक अधिसूचना निघते आणि एका रात्रीत गावं शहरात येतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. त्या गावांतली घरं, रस्ते, नळ, जन्म-मृत्यूच्या नोंदी, सगळं एकदम महापालिकेच्या टेबलावर आलं. हा आकडा कोणत्याही आलेखात आधी दिसत नाही, कारण तो राजकीय निर्णय असतो.

मग हात टेकायचे का? तसं नाही. आकडा नेमका सांगता येत नसेल, तर कोणत्याही आकड्याला पुरून उरेल अशी व्यवस्था कशी असेल, हे तर विचारता येतं. आज आमचं म्हणणं एवढंच आहे.

कचेरीच्या जागेचा हिशेब साधारणपणे असा करतात. कर्मचारी किती, प्रत्येकाला जागा किती, आणि वर थोडी सोय. समजा माणशी दहा चौरस मीटर धरले, तर हजार कर्मचाऱ्यांना दहा हजार चौरस मीटर, म्हणजे एक लाख चौरस फुटांहून थोडं जास्त. हिशेब सुटसुटीत आहे. पण त्यात कोण मोजलं गेलं? खुर्चीत बसणारा. खुर्चीसमोर उभा राहणारा मोजलाच गेला नाही. दाखल्यासाठी आलेली बाई, तिच्या कडेवरचं मूल, नळजोडासाठी चौथ्यांदा आलेले आजोबा, त्यांना बसायला बाक, प्यायला पाणी, स्वच्छतागृह, हे सगळं ‘वर थोडी सोय’मध्ये जातं. आणि पैसे कमी पडले की पहिली काटछाट तिथंच होते.

तुमच्या ओळखीचंच उदाहरण घेऊ. आपल्या साईमंदिरात, ज्याला लोक प्रतिशिर्डी म्हणतात, गुरुवारी गर्दी असते तशी मंगळवारी नसते. आता मंडप गुरुवारच्या हिशेबानं बांधायचा की मंगळवारच्या? गुरुवारचा धरला तर सहा दिवस ओस पडणार, मंगळवारचा धरला तर गुरुवारी लोक उन्हात. शहाणा माणूस काय करतो? गाभारा नेमका ठेवतो आणि अंगण मोठं ठेवतो. गुरुवारी अंगणात मांडव पडतो, मंगळवारी तिथं पोरं खेळतात. महापालिकेचंही तसंच आहे. मिळकतकराची सवलत संपायचे दिवस, शाळाप्रवेशाचे दिवस, निवडणुकीचे दिवस, हे तिचे गुरुवार. त्यांच्यासाठी पक्क्या खोल्या बांधत बसू नये. मोकळी, छत असलेली, हवेशीर जागा ठेवावी.

आणखी एक गोष्ट. गरज संख्येनं वाढते तशी ती जातही बदलते. २००५ साली माहिती अधिकाराचा कायदा आला, म्हणजे कागद मागायला येणाऱ्याला ते बसून पाहता येतील अशी जागा लागली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. पिंपरी-चिंचवडचं सभागृह १२८ नगरसेवकांचं, म्हणजे त्यात निदान ६४ स्त्रिया. १९८० च्या सुमारास सभागृहाचा नकाशा काढणाऱ्यानं हे कशावरून ओळखावं? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, तेव्हा उताराचा रस्ता आणि रुंद दार ही मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाला. उलट बाजूनं पाहा. कर घरबसल्या फोनवरून भरता येऊ लागला, तशी पैसे भरायच्या खिडक्यांची गरज कमी झाली आणि संगणकांसाठी थंड खोलीची गरज आली. कागदांचं काय होऊ शकतं, हे २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीनं सगळ्यांना दाखवलं. माणसं गेली आणि फायलीही गेल्या.

यातून बांधकामाचा एक साधा नियम निघतो. जे बदलणार आहे ते सहज हलवता येईल असं असावं, जे बदलणार नाही तेच पक्कं असावं. खांब, जिने, पाण्याचे नळ, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट, हे पक्कं. आतल्या भिंती, खिडक्या, टेबलं, विभागांच्या पाट्या, हे हलतं. शिवाय पाया आणि खांब दोन मजले जास्त पेलतील असे आजच घालून ठेवले, तर आज थोडा खर्च वाढतो, पण पुढं इमारत पाडायची वेळ येत नाही.

आता मोठी इमारत एकच असावी की छोट्या पुष्कळ, या प्रश्नाकडे येऊ. मुंबई महापालिकेची व्हीटीसमोरची इमारत सगळ्यांनी पाहिलेली असते. १८८४ च्या डिसेंबरात तिची कोनशिला बसली, स्टीव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पकारानं आराखडा केला, १८९३ साली ती पुरी झाली. १८९१ मध्ये मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती एक कोटी चोवीस लाख झाली, म्हणजे पंधरापट. इमारत काही पंधरापट झाली नाही. मागं एक जोडइमारत आली, एवढंच. तरी कारभार चालला, कारण रोजचं काम शहरभर पसरलेल्या चोवीस विभाग कार्यालयांत गेलं. कुर्ल्याच्या माणसाला नळासाठी व्हीटीला जावं लागत नाही. पिंपरी-चिंचवडनंही ‘अ’पासून ‘ह’पर्यंत आठ क्षेत्रीय कार्यालयं केली आहेत. मुख्य इमारतीवरचा ताण खरा कमी होतो तो असा. शहर दुप्पट झालं की मुख्य कचेरी दुप्पट करावी लागत नाही, क्षेत्रीय कार्यालयं वाढवावी लागतात.

याच्या उलट बाजूला पार्किन्सन नावाचे इंग्रज लेखक आहेत. १९५५ साली त्यांनी एका लेखात गमतीनं मांडलं की हाताशी जेवढा वेळ असतो तेवढं काम फुगतं. पुढं इमारतींबद्दल ते म्हणाले, की संस्थेला सर्वांगसुंदर मुख्यालय मिळतं तेव्हा ती उताराला लागलेली असते. नवी दिल्लीचं उदाहरण त्यांनी दिलं. १९३१ मध्ये राजधानीचं उद्घाटन झालं आणि १९४७ मध्ये साहेब निघून गेला! विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो. जागा मोकळी दिसली की साहेबांच्या दालनाला अँटीचेंबर जोडलं जातं. म्हणून ‘भविष्यासाठी जास्तीची जागा’ हे शब्द ऐकले की विचारावं, ती जागा तोपर्यंत कोण वापरणार?

आता दुसरा तात्त्विक प्रश्न, आजच्यांच्या पैशाचा. हा वाद पुण्याला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईची भव्य इमारत बांधायचं घाटत होतं, तेव्हा एवढा पैसा शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा आग्रह होता. इमारत झाली. तिला रे मार्केट म्हणू लागले, आणि तिच्या वरच्या मजल्यावर नगरपालिकेची कचेरी बसली. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं. काळाची थट्टा म्हणा हवी तर.

पण नीट पाहा, यात कोण बरोबर होतं? मंडई आजही उभी आहे, गाळे चालतात, म्हणजे बांधणाऱ्यांची दूरदृष्टी फळली. आणि त्या वर्षांत ज्या मुलामुलींना शाळा मिळाली नाही, त्यांचं आयुष्य काही पुन्हा आलं नाही. इमारत दहा वर्षं थांबू शकते, आठ वर्षांचं मूल दहा वर्षं थांबू शकत नाही. म्हणून आमच्या मते फुल्यांचा प्रश्न प्रत्येक नव्या इमारतीच्या वेळी विचारला गेला पाहिजे. या पैशात दुसरं काय झालं असतं, आणि ते थांबू शकतं का?

एक गोष्ट मात्र इमारतीसारखी थांबत नाही, ती म्हणजे जमीन. खोली उद्या बांधता येते. गेलेली जमीन उद्या मिळत नाही, मिळाली तर शहराला परवडत नाही. तेव्हा आमचं सूत्र असं : जमीन सढळ हातानं राखावी, इमारत हात राखून बांधावी.

राखावी म्हणजे नकाशावर रंग भरावा एवढंच नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम १२७ आहे. विकास आराखड्यात आरक्षण टाकलं आणि दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. मालकाच्या बाजूनं हे न्याय्यच आहे. एखाद्या शेतकऱ्याची जमीन वीस वर्षं अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हा कुठला न्याय? तेव्हा आरक्षण हे वचन आहे, आणि वचनासाठी अंदाजपत्रकात दरवर्षी पैसे बाजूला काढावे लागतात.

आता शिरगावापुरतं बोलू. गाव उद्या महापालिकेत गेलं किंवा इथं स्वतंत्र नगरपंचायत झाली, तर ग्रामपंचायतीची मालमत्ता नव्या संस्थेकडे जाईल. जे असेल ते जाईल. जे आधीच अतिक्रमणात गेलं असेल ते जाणार नाही. गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना बजावलं आहे. पण न्यायालय येऊन मोजणी करत नाही, ती गावालाच मागवावी लागते.

म्हणून ग्रामसभेत विचारायला तीन प्रश्न देतो. गावाच्या नावावर जमीन किती आहे, आणि तिची मोजणी होऊन हद्दीचे दगड बसले आहेत का? प्राधिकरणाच्या आराखड्यात आपल्या गावात सार्वजनिक कामांसाठी कोणत्या गटांवर आरक्षण आहे, आणि त्या जमीनमालकांना मोबदला कधी मिळणार? आणि तिसरा, नवी कचेरी बांधायची वेळ आली तर नकाशात प्रथम कोणाची जागा काढली आहे, बसणाऱ्याची की येणाऱ्याची?

जुन्या चावडीला फारशा भिंती नसत. आत कोण बसलंय आणि काय चाललंय ते रस्त्यावरून दिसे. गावाचं शहर होताना खोल्या वाढणारच, त्याला इलाज नाही. पण चावडीचा तो मोकळेपणा नकाशातून पुसला जाऊ नये, एवढी काळजी घेणं आपल्या हातात आहे. हे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यावेत, आणि त्यांची उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत.