दुनळीवरचे नाव आणि नळीखालचे शिक्के

मराठवाड्यात जुन्या दुनळी बंदुकीला गोष्ट चिकटलेली नसेल असे सहसा होत नाही. बंदूक निजामाच्या सरदाराची असते, छावणीतल्या साहेबाने भेट दिलेली असते, नाहीतर गौताळ्याच्या डोंगरात तिने वाघ टिपलेला असतो. औरंगाबाद १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, इथे लष्करी छावणी होती आणि शिकारही होत असे, त्यामुळे अशा गोष्टी ऐकताक्षणी पटतात. पण गोष्ट पटण्याजोगी असली म्हणजे बंदूक अस्सल ठरत नाही. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर विलायती कारखान्याचे नाव कोरले आहे आणि परवान्यावरही तेच लिहिले आहे, एवढ्यावर अनेकजण निर्धास्त होतात. परवान्यातले नाव बहुधा बंदुकीवरूनच उतरवलेले असते. मूळ नाव खोटे असेल तर कागद तोच खोटेपणा पुढे नेतो. अस्सलपणा ठरतो तो नळ्या उतरवल्यावर त्यांच्या पोटाशी दिसणाऱ्या शिक्क्यांवरून, आणि शिक्के, यंत्रणा व सांगितलेला काळ यांचा मेळ बसतो की नाही यावरून.

हे शिक्के कारखानदाराने हौसेने मारलेले नसतात. ब्रिटनमध्ये नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार काढून नळी तपासल्याशिवाय बंदूक विकता येत नसे. बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले, लंडनमध्ये हे काम त्याच्याही आधीपासून चालत होते. शिक्क्यांची ठेवण वेळोवेळी बदलत गेली, म्हणून त्यांवरून काळ सांगता येतो. बर्मिंगहॅमचा मुकुटाखाली ‘बीपी’ आणि ‘बीव्ही’ अशी अक्षरे असलेला शिक्का १९०४ पासूनचा आहे. तो दिसला तर ती तपासणी त्यानंतरचीच, मात्र जुनी बंदूक पुन्हा तपासून घेतलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवायला हवे. लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरे असतील तर नळ्या बेल्जियममधल्या लिएजला तपासलेल्या आहेत. तिथे स्वस्त दुनळ्या मोठ्या संख्येने बनत आणि त्यांपैकी अनेकींवर नामांकित इंग्रजी कारखान्यांशी मिळतीजुळती नावे कोरली जात. वर लंडनचे नाव आणि खाली फक्त लिएजचा शिक्का असेल तर संशयाला पुरेसे कारण आहे. कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या दुकानाचे नाव असणे ही मात्र फसवणूक नव्हे. इथले विक्रेते विलायतेत बनलेल्या बंदुकांवर आपले नाव घालून घेत.

नळीवरच्या लहरी नक्षीबद्दलचा गैरसमज याहून घट्ट आहे. तिला ‘डमास्कस’ म्हणतात, आणि अशी नळी म्हणजे जुन्या तलवारींच्या जौहरदार पोलादाची, अतिशय दुर्मीळ, असे मानले जाते. निजामाच्याच मुलखातले कोनासमुद्रम ज्या पोलादासाठी प्रसिद्ध होते, त्याची नक्षी धातू थंड होताना आतूनच उमटते. बंदुकीच्या नळीत लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकात अशा नळ्या साध्या बंदुकांनाही सर्रास बसवत. शिवाय साध्या पोलादावर तेजाबाने वरवर नक्षी उठवता येते. म्हणून पुढच्या लाकडाखाली, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथेही पिळाची नक्षी सलग चालते का, हे पाहावे. अशा नळीत आजचे काडतूस घालून परीक्षा घेणे जिवावर बेतू शकते.

काळाचा दावा यंत्रणेवरूनही तपासता येतो. मद्रास घोडदळाच्या जॉन स्मिथला १८१९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याची लेणी दिसली. त्या काळी शिकारी ठासणीची, चकमकीची बंदूक वापरत. मागून काडतूस भरायच्या दुनळीने ब्रिटनमध्ये जम बसवला तो १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लेफोशोची फ्रेंच बंदूक दिसल्यानंतर. घोडे आत दडलेली, अ‍ॅन्सन आणि डीली यांच्या रचनेची बंदूक तर १८७५ च्या पेटंटनंतरची. अशी बंदूक ‘सत्तावनच्या उठावातली’ म्हणून दाखवली जात असेल तर पुढे शिक्के बघण्याचीही गरज नाही.

शिक्केही खोटे मारता येतात, हा आक्षेप रास्त आहे. पण खोटेपणा करणाऱ्याला एक शिक्का पुरत नाही. नळ्या, मधली पेटी आणि पुढचे लाकूड यांवरचे क्रमांक जुळावे लागतात, काडतुसाच्या खोबणीची लांबी काळाशी जुळावी लागते, नक्षीची झीज बोटे लागतात तिथेच अधिक असावी लागते. हे सगळे एकत्र साधणे फार कठीण. उलट बाजूने, दस्ता नवा किंवा नळ्या बदललेल्या म्हणून बंदूक बनावट ठरत नाही. वापरातली बंदूक दुरुस्त होणारच, फक्त विकताना ते लपवले जाऊ नये. गंज म्हणजे जुनेपणाचा पुरावा, ही समजूतही टाकून द्यावी. दमट भिंतीजवळ ठेवलेले नवे लोखंडही थोड्या दिवसांत गंजते. आणि सर्वात दुःखद नुकसान होते ते विकण्याआधी नळी कानशीने घासून, पॉलिश करून चकचकीत केल्याने, कारण त्यात शिक्के आणि क्रमांक कायमचे जातात.

म्हणून आधी परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या उतरवून घ्याव्यात आणि खालच्या भागाची स्पष्ट छायाचित्रे काढावीत. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडसारख्या कारखान्यांकडे जुन्या वह्या आहेत. क्रमांक कळवला तर ती बंदूक कशी बनवली गेली आणि कोणी घेतली, याची नोंद मिळू शकते. नोंदीतली बंदूक एकनळी निघाली आणि हातातली दुनळी असली, तर क्रमांक खरा असूनही बंदूक ती नव्हे.