नवी फ्लायव्हील प्लेट पुन्हा पुन्हा का फुटते? ऑटोमॅटिक कार असेल तर गॅरेजवाल्याला आधी या दोन पिनांबद्दल विचारा

समजा, साताऱ्याहून सांगलीला निघालेली एक एमएच 11 पासिंगची ऑटोमॅटिक कार आहे. कराडच्या कोंडीत गाडी थांबते आणि बॉनेटखालून टक्-टक् आवाज सुरू होतो. न्यूट्रलला एक आवाज, 'डी'ला टाकली की वेगळा. पहिला मिस्त्री ऐकतो आणि सांगतो, "बेअरिंग वाजतंय, इंजिन खोलावं लागेल." दुसरा गिअरबॉक्स खाली घेतो तेव्हा दिसते की इंजिन ठणठणीत आहे, फ्लायव्हीलच्या प्लेटला तडा गेलाय. नवी प्लेट बसते, गाडी घरी येते. काही महिन्यांनी पुन्हा तोच आवाज, पुन्हा तोच तडा.

मग तर्क सुरू होतात. पार्ट डुप्लिकेट होता, रस्ता खराब आहे, ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडे टिकतच नाहीत. यातला पहिला तर्क कधीकधी खरा निघतो. रस्त्याला मात्र यात उगाच दोष दिला जातो. एकच प्लेट दोनदा-तीनदा फुटत असेल तर बहुतेक वेळा बिघाड प्लेटच्या बाहेर असतो.

मुळात ही प्लेट असते काय?

गुऱ्हाळावरच्या किंवा विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनचे जाड, ओतीव लोखंडी चाक अनेकांनी पाहिले असेल. ते फ्लायव्हील. मॅन्युअल गाडीतही तसेच, पण लहान आणि जड चाक असते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये ते नसते. तिथे जडपणाचे काम तेलाने भरलेला कन्व्हर्टरच करतो. इंजिनची क्रँकशाफ्ट आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये फक्त दोन-तीन मिलिमीटर जाडीची स्टीलची चकती असते. तिला फ्लेक्सप्लेट किंवा ड्राइव्ह प्लेट म्हणतात. बोलताना सगळे फ्लायव्हीलच म्हणतात. तिच्या कडेला स्टार्टरसाठी दाते असतात.

ती पातळ ठेवलेली असते ती मुद्दाम. कन्व्हर्टर गरम झाला, आतला दाब वाढला की तो किंचित पुढे-मागे होतो आणि प्लेट तेवढी लवते. पण तिने पुढे-मागे लवणे अपेक्षित आहे, प्रत्येक फेऱ्याला वाकडे होणे नाही.

इथे थोडे गणित करू. सातारा ते सांगली साधारण सव्वाशे किलोमीटर, अडीच तास धरा. इंजिन सरासरी 2000 आरपीएमवर फिरले तर एवढ्या वेळात 3 लाख फेरे होतात. इंजिनचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य जुळत नसेल तर प्लेट या 3 लाख फेऱ्यांत प्रत्येक वेळी वाकते आणि सरळ होते. तार हाताने पुढे-मागे वाकवून तोडतो, तसेच हे. मध्य चुकायला फार काही लागत नाही. वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीएवढा फरकही पुरतो.

दोन पिना

इंजिन आणि गिअरबॉक्सचे हाउसिंग मोठ्या बोल्टांनी जोडलेले असते, पण ते बोल्ट दोन्ही भाग फक्त घट्ट धरतात. त्यांची भोके बोल्टपेक्षा थोडी मोठी असतात, त्यामुळे मध्य ते जुळवू शकत नाहीत. ते काम दोन डॉवेल पिना करतात. बोटाच्या पेराएवढ्या, कधी भरीव, कधी पोकळ. गिअरबॉक्स उतरवताना त्या गंजून अडकतात, ठोकून काढाव्या लागतात, कधी जुन्या हाउसिंगमध्येच राहतात, कधी ट्रेमध्ये पडून राहतात. त्या नसल्या तरी बोल्ट आवळले जातात, गाडी सुरू होते आणि पहिले काही दिवस छान चालतेसुद्धा. म्हणूनच ही चूक सापडत नाही. पूर्वी इंजिन किंवा गिअरबॉक्स बदललेला असेल, सेकंडहँड बसवलेला असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

सांगलीकरांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली होती. 2021 मध्येही पूर आला. पाण्यात बुडालेली गाडी दुरुस्त होते तेव्हा इंजिन-गिअरबॉक्स वेगळे होण्याची शक्यता मोठी असते. शिवाय सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी स्टार्टर मारला असेल तर प्लेटच्या दात्यांवर आणि थेट क्रँकवर जोर येतो. जुनी ऑटोमॅटिक घेताना हा इतिहास विचारायलाच हवा.

फुटलेली प्लेट काय सांगते?

जुनी प्लेट भंगारात टाकू नका, ती पुरावा आहे. क्रँकच्या बोल्टांभोवती गोलाकार तडा असेल तर मध्य चुकल्याचा संशय बळावतो. कन्व्हर्टरच्या बोल्टांजवळ फाटली असेल तर ते बोल्ट सैल होते का, चुकीच्या लांबीचे होते का, हे पाहावे. दात्यांचे वाचन थोडे फसवे आहे. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना साधारण समोरासमोरच्या दोन जागीच थांबते, त्यामुळे तिथले दाते जास्त झिजणे नैसर्गिक आहे. एकाच बाजूची झीज दिसली तर मात्र चकती वाकडी फिरते आहे का, ते तपासावे.

दुसरी तपासणी कन्व्हर्टरच्या अंतराची. गिअरबॉक्स जोडल्यावर, प्लेटचे बोल्ट लावण्याआधी, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि तो आणि प्लेट यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. अनेक गाड्यांत ती काही मिलिमीटर असते. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. फटच नसेल तर कन्व्हर्टर आत पूर्ण बसलेला नाही किंवा चुकीचा आहे. अशा वेळी हाउसिंगचे बोल्ट आवळून तो 'बसवला' तर प्लेट जन्मतःच वाकलेली राहते. सोबत गिअरबॉक्सचा ऑइल पंपही जाऊ शकतो, आणि तो खर्च प्लेटपेक्षा कितीतरी मोठा.

दोन्ही ठीक असतील तर डायल गेज लागतो. क्रँकची फ्लँज सरळ फिरते का, हाउसिंगचे भोक मध्यावर आहे का, क्रँक पुढे-मागे किती हलते, हे त्यावर कळते. क्रँक जास्त हलत असेल तर थ्रस्ट बेअरिंग झिजलेले असू शकते आणि मग नवी प्लेट लावून काहीच साधत नाही. गंमत म्हणजे 1910 पासून किर्लोस्करवाडी असलेल्या या पट्ट्यात डायल गेजची वाण नाही. सातारा, मिरज किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे तो असतोच. प्रश्न गॅरेजमध्ये तो लावण्याचा आहे.

उरलेल्या गोष्टी पटकन: बोल्ट टॉर्क रेंचने आवळलेत का, प्लेटसोबतची वॉशर-रिंग परत लावली का, प्लेटचा पार्ट नंबर त्याच इंजिनचा आहे का, इंजिन माउंटिंग तुटलेले नाही ना.

तुमची गाडी कोणत्या प्रकारची?

हे सगळे टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांना लागू आहे; अनेक सीव्हीटी गाड्याही त्यात येतात. भारतात 2014 मध्ये सेलेरिओपासून लोकप्रिय झालेल्या एएमटीमध्ये मात्र साधे फ्लायव्हील आणि साधा क्लच असतो, फक्त पाय मशिनचा. डीसीटी गाड्यांत बहुधा स्प्रिंग असलेले ड्युअल मास फ्लायव्हील असते आणि त्यात स्प्रिंग झिजून खडखडाट होतो. त्यामुळे व्हिडिओ पाहून निदान करण्याआधी आपला गिअरबॉक्स कोणता, ते मॅन्युअलमध्ये पाहा.

इंजिन खोलण्याआधी

आवाज आला की आधी तपासणीचे झाकण काढून आत बघायला सांगा. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेराही चालतो, अर्थात इंजिन बंद ठेवून. तडा बऱ्याचदा तिथूनच दिसतो. आवाज असताना गाडी रेटू नका. प्लेट पूर्ण फाटली तर इंजिन गुरगुरते आणि गाडी जागची हलत नाही. खंबाटकीच्या चढावर मागे ट्रक असताना हे व्हायला नको.

बिलात प्लेटपेक्षा गिअरबॉक्स काढण्या-घालण्याची मजुरी जास्त असते. तो एकदा खाली आला की पिना बघणे आणि मोजमाप घेणे फार वेळखाऊ नाही. दोन्ही पिना, कन्व्हर्टरची फट आणि गेजचे आकडे जॉबकार्डवर लिहून घ्या, फोटो काढा. तरीही तीच चूक पुन्हा झाली आणि गॅरेजने हात वर केले, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही. तिथे ते जॉबकार्ड आणि पोत्यात जपून ठेवलेली फुटकी प्लेट कामाला येते.